शनिवारची शिकवणी

माझा भाऊ लिअँडर टार्व्हर सैतानाकडून गिटार शिकला, असं आमच्या भागात अजूनही सांगतात. चौफुलीवर जाऊन त्यानं आपला आत्मा दिला आणि बदल्यात बोटं घेतली म्हणे. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली ते मला नक्की माहीत आहे, कारण ती मीच सांगितली.

मोठ्या पुरात आमचं सगळं वाहून गेलं. त्यानंतरच्या वर्षी आम्ही सायकमोर बेंडला आलो. आई, मी आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान ली. आईचं नाव पार्थेनिया. ती धुणं धुवायची, मी तिच्या हाताखाली, आणि ली मळ्यावर कापसात. राहायला दोन खोल्यांचं घर आणि आईला कामं मिळवून दिली ती चर्चचे डीकन, म्हणजे पुढच्या मानाच्या बाकावर बसणारे ज्येष्ठ, ॲम्झी पर्नेल यांनी. मळ्याच्या सरकीच्या कोठाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. उंच, सडपातळ माणूस, रविवारी कडक इस्त्रीची कॉलर, आणि प्रार्थनेला उभा राहिला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई त्यांना फार मानायची. त्यांच्या पानात कोंबडीचा चांगला तुकडा गेल्याशिवाय आम्हाला वाढायची नाही.

लीला गिटारचं वेड होतं, पण हात नव्हता. दुकानाच्या ओसरीवर बसून तो त्या गिटारच्या पेटीचे जे काही हाल करायचा, ते ऐकून माणसं उठून उन्हात जाऊन उभी राहायची. एकदा दुकानदाराची बायको बाहेर येऊन म्हणाली, "अरे, त्या मांजराला एकदाचं मारून तरी टाक!" सगळी ओसरी हसली. लीपण हसला. पण घरी आल्यावर जेवला नाही.

आईला ब्लूज, म्हणजे नाचाच्या अड्ड्यांवरची ती दुःखाची गाणी, चालायची नाहीत. चर्चमधल्या सगळ्यांचंच तसं होतं. ती गाणी सैतानाची, ज्या घरात वाजली तिथून देव उठून जातो, असं रेव्हरंड सांगायचे. ली ती पेटी कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवायचा आणि आई ती दिसत नाही असं दाखवायची.

मग एके दिवशी ली म्हणाला, दर शनिवारी दुपारी डीकनच्या कोठारात खोगीर-लगाम दुरुस्त करायचं काम मिळालंय. आई खूश झाली. चांगल्या माणसाच्या सावलीत पोरगं राहील, असं म्हणाली. दीड वर्ष तो एकही शनिवार चुकला नाही.

मला कळलं ते असंच. एका शनिवारी तो भाकरी घरीच विसरला, म्हणून मी फडक्यात बांधून घेऊन गेले. कोठाराचं दार आतून लावलेलं. फटीतून बघते तर सरकीच्या ढिगावर डीकन पर्नेल बसलेत, कॉलर काढून खुंटीला टांगलेली, मांडीवर पोटाला तडा गेलेली एक जुनी गिटार. डाव्या हातात खिशातला चाकू आडवा धरून ते तारांवर फिरवत होते आणि ती पेटी अक्षरशः रडत होती. माणूस जसा दार लावून, कुणी ऐकू नये म्हणून रडतो तशी.

"अंगठ्याकडं बघ," ते लीला सांगत होते. "अंगठा म्हणजे गाडीचं खेचर. वर बसलेली माणसं भांडतील, हसतील, रडतील. खेचरानं थांबायचं नाही आणि पळायचं तर मुळीच नाही. कळलं?"

"पण लोकांना वेगात वाजवलेलं आवडतं, डीकन."

"लोकांना काय आवडतं ते मला नको सांगूस. मी लोकांसाठी वाजवलंय, तुझा जन्म व्हायच्या आधी."

माझ्या हातून गाठोडं निसटून दारावर आपटलं. दार उघडलं. डीकनचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी आधी चाकू मिटला, मग कॉलर घातली, आणि कॉलर घातल्यावरच बोलले.

"ओझेला, तू काही पाहिलं नाहीस."

"नाही, डीकन."

"हे कळलं तर मला चर्चमधल्या डीकनच्या बाकावरून उठवतील. तीस वर्षांपूर्वी मी ही पेटी सोडली आणि ती जागा घेतली. ती गेली तर माझ्याकडं दुसरं काही नाही."

"मग त्याला शिकवताय कशाला?"

त्यांनी गिटार ढिगाआड सरकवली. "दुकानावरून जाता-येता याचं ऐकायचो. सहन होईना मला. दया-बिया काही नाही."

मी शपथ घेतली. लीनं आधीच घेतलेली होती.

पुढच्या स्वातंत्र्यदिनी, चार जुलैला, नदीच्या बांधावर मासे तळायचा कार्यक्रम होता. अर्धं गाव होतं, आई मात्र आली नव्हती. ली गिटार घेऊन पुढे आला तेव्हा लोकांनी कानांवर हात ठेवायची नक्कल केली. मग त्यानं खिशातून चाकू काढला आणि सुरू झाला. कढईजवळच्या बाईच्या हातातला झारा तसाच राहिला आणि मासे करपले. दुकानदाराची बायको तर तोंडावर पदर घ्यावा तसा एप्रन धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी नळावर मला ल्यूटी क्रेनशॉनं गाठलं. ल्यूटीला गावातल्या प्रत्येक घरात काय शिजतं ते माहीत असायचं, आणि माहीत नसलं की तिला झोप यायची नाही.

"काय गं ओझी, तुझा भाऊ हे शिकला कुणाकडून? इथं तर तसं वाजवणारं कुणी नाही."

"आपापलाच शिकला."

"चल! आपापलं शिकून माणूस शिट्टी वाजवतो. खरं सांग. कुठं जात होता तो?"

तिनं पिच्छाच सोडला नाही. लहानपणी आजी सांगायची ती गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. मी हसत म्हटलं, "सैतानाकडून शिकला. चौफुलीवर उभा राहिला, काळा माणूस आला, त्यानं गिटार लावून दिली. झालं समाधान?"

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. बादली अर्धी भरलेलीच उचलून चालायला लागली.

रविवारपर्यंत ती गोष्ट चर्चमध्ये पोचली होती. आईच्या शेजारचं बाक रिकामं राहिलं.

घरी आल्यावर आईनं टोपीसुद्धा काढली नाही. "ली, खरं सांग. कुणाकडून शिकलास?"

ली माझ्याकडं बघत होता. मी जमिनीकडं.

"मला सांगता येत नाही, आई."

"सांगता येत नाही म्हणजे? माणसाकडून शिकला असतास तर त्या माणसाला नाव असतं."

"मी वाईट काही केलं नाही."

"मग नाव सांग."

त्यानं सांगितलं नाही. आई ओरडली नाही. ती म्हणाली, "त्याच्याकडून जे घेतलंस ते परत करून ये. तोवर ती पेटी घेऊन माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. तू एकटा कधीही ये. ती नको."

ली त्या आठवड्यातच गेला. मी त्याला रेल्वेच्या फाट्यापर्यंत सोडायला गेले. रडून रडून सांगितलं की, हे माझ्यामुळं झालं.

"अगं, रडतेस काय!" तो म्हणाला. "काल मला तीन ज्यूकवाल्यांनी त्यांच्या नाच-दारूच्या अड्ड्यांवर बोलावणं धाडलंय. सैतानाच्या चेल्याला बघायला माणसं वीस मैलांवरून येतील. तू तर माझी जाहिरातच केलीस."

आणि तसंच झालं. नदीच्या दोन्ही काठांना, जिथं म्हणून नाचाची खोली होती, तिथं त्याचं नाव पोचलं. तो काळा सूट घालायला लागला. एखादं अवघड वळण आलं की तो लोकांकडं पाठ करून वाजवायचा. लोक म्हणायचे, सैतानानं दिलेलं सहावं बोट लपवतोय. खरं कारण मला नंतर त्यानं सांगितलं. गर्दीत एखादा म्हातारा असला आणि त्यानं तो चाकू, तो अंगठा पाहिला, तर ॲम्झीचा हात ओळखला असता. दिलेला शब्द पाळायला तो पाठ फिरवत होता, आणि त्या पाठीनंच त्याचं नाव आणखी मोठं केलं.

मग मेम्फिसहून एक गोरा रेकॉर्डवाला आला. त्याला गाण्यापेक्षा ती गोष्टच जास्त आवडली. पोस्टरवर लीच्या मागं शिंगंवाली सावली काढली. आमच्या गावच्या दुकानात लीच्या गाण्याची तबकडी आली तेव्हा दुकानदारानं ती दिवसभर वाजवली. आई त्या रस्त्यानं जायची बंद झाली. साबण आणायला ती मागच्या शेतातून, पाऊण मैल जास्त चालून जायची.

कधी तो सूट घालून एकटाच यायचा. पेटी दुकानात ठेवून. आई त्याला जेवू घालायची, शलगमाचा पाला, कॉर्नब्रेड, सगळं त्याच्या आवडीचं, आणि तो जेवत असताना एकटक त्याच्या बोटांकडं बघायची. दोघं हवेबद्दल बोलायचे. मग तेही येणं कमी झालं. त्याचा पत्ता सेंट लुईसचा झाला.

दर बुधवारी दुपारी आमच्या घरी बायका प्रार्थनेला जमायच्या. लिअँडरच्या आत्म्यासाठी. आणि ती प्रार्थना सांगायला कोण यायचं? डीकन पर्नेल. सहा वर्षं. "हे प्रभो, या भगिनीचा मुलगा अंधारातून बाहेर आण," असं ते म्हणायचे आणि आई जमिनीवर गुडघे टेकून हुंदके द्यायची. मी कॉफी करत चुलीपाशी उभी असायची. तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललीस? शपथ होती, डोक्यावरचं छप्पर त्यांच्या शब्दावर होतं, हे सगळं खरं. पण त्याहून खरं म्हणजे, ती गोष्ट माझ्या तोंडून निघाली हे आईला कळेल, याची मला भीती वाटायची. सहा वर्षं मी स्वतःला वाचवत होते.

मग आईचे पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाला, पाणी हृदयापर्यंत चढतंय. ती धुण्यावरून उठून खाटेवर आली. त्या बुधवारीही डीकन आले, प्रार्थना सांगितली, कॉफी प्यायले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठारात गेले. ते पोती मोजत होते.

"डीकन, आई मरायला टेकलीये आणि तिला वाटतंय, तिचा मुलगा नरकात जाणार. तुम्हाला माहीत आहे तो कुठं गेला होता. इथं. या ढिगावर."

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू. काल तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. त्याच हातानं तुम्ही त्याला शिकवलंत. कसं जमतं तुम्हाला?"

"जमत नाही," ते म्हणाले. खाली पोत्यावर बसले. ते मला एकदम म्हातारे दिसले. "बुधवारी रात्री मला जेवण जात नाही. सहा वर्षं झाली. तुला वाटतं, मला सुखानं जमतंय?"

"मग सांगा तिला."

ते उठून पुन्हा पोती मोजायला लागले. मी चिडून घरी आले.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी दोनच्या सुमाराला मी अंगणात कपडे वाळत घालत होते. रस्त्यावर गलका ऐकू आला, म्हणून बघितलं. डीकन ॲम्झी पर्नेल रस्त्याच्या मधोमध चालत येत होते. खांद्यावर ती तडा गेलेली गिटार, उघडी, गोणपाटात गुंडाळलेलीसुद्धा नाही. ते मागच्या शेतातून येऊ शकले असते. ते दुकानावरून आले, चर्चवरून आले, रेव्हरंडच्या घरासमोरून आले. ओसरीवरची माणसं उभी राहिली होती. ल्यूटी क्रेनशॉ हातात बादली घेऊन दहा पावलं मागून चालत होती.

ते आमच्या ओसरीवर बसले. माझ्याशी बोलले नाहीत. खिशातून चाकू काढला, तारा जुळवल्या आणि वाजवायला लागले.

आत खाटेवर आई होती. खिडकी उघडी. मला वाटलं, आता ओरडेल. पण आधी फक्त खाट करकरली. मग ती म्हणाली, "ओझेला, बाहेर कोण आहे?"

मी हातातलं ओलं कापड पिळत राहिले.

"अगं, कोण आहे विचारते मी. हा तर ॲम्झीचा हात आहे."

वाजवणं थांबलं.

"थांबलास का? लग्नाआधी, आमच्या पुरात गेलेल्या गावी, बांधावरच्या पिकनिकांना मी या हातावर नाचलेय, ॲम्झी पर्नेल. तुला काय वाटलं, चर्चमध्ये तुझ्या कॉलरकडं बघून मी ते विसरले? देवाच्या दारात आल्यावर माणसाचं मागचं काढू नये, म्हणून गप्प होते."

डीकन खिडकीपाशी गेले. टोपी हातात. "सिस्टर पार्थेनिया, तुमचा ली कुठल्या चौफुलीवर गेला नव्हता. तो माझ्याकडं येत होता. दीड वर्ष, दर शनिवारी. मी त्याला शपथ घातली होती. पोरगं शपथेला जागलं, मी नाही जागलो कशालाच."

आई छताकडं बघत होती. तिनं ती तबकडी एकदा जरी ऐकली असती, दुकानासमोरून एकदा जरी गेली असती, तर तिला तिथल्या तिथं कळलं असतं. हे तिच्याही मनात आलं असणार.

"म्हणजे सहा वर्षं मी सैतानाशी भांडत होते," ती शेवटी म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्याला ठाऊकच नाही, ही बाई कशाबद्दल बोलतेय!"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिला धाप लागली. मी पाणी पाजलं. मग ती रडली. डीकन खिडकीत तसेच उभे.

"ते मघाचं पुन्हा वाजव," आई म्हणाली. "मग घरी जा. आज मला तुझं तोंड बघवत नाही."

त्यांनी वाजवलं आणि ते गेले.

मग मीही सांगितलं. नळ, ल्यूटी, सगळं. आई म्हणाली, "तुला लहानपणापासून एक शब्द जास्त बोलायची खोड." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कागद घे. लिही त्याला. म्हणावं, ये. ती पेटी घेऊन ये."

ली आला तो कापसाची खुरपणी चालू असताना. अंगावर भारी सूट, पण आतला माणूस बारीक झालेला. उंबऱ्याशी येऊन थांबला. हातात पेटी.

"आत ये ना," आई म्हणाली. "की आता तुला आमंत्रणाची पत्रिका हवी?"

तो आत आला आणि तिच्या खाटेशी जमिनीवर बसला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी कपडे आणायचं निमित्त करून अंगणात गेले.

तो एकोणीस दिवस राहिला. संध्याकाळी आम्ही आईची खाट ओसरीवर आणायचो आणि तो वाजवायचा, तिच्याकडं तोंड करून. पहिल्याच दिवशी तिनं त्याला मध्येच थांबवलं. "घाई करतोस. ॲम्झी कधी घाई करायचा नाही." ज्याच्यासाठी चार राज्यांतली माणसं रांग लावायची, तो माझा भाऊ मान खाली घालून म्हणाला, "हो, आई," आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागला.

चर्चनं ॲम्झींना बाकावरून उठवलं. कोठाराची किल्लीही त्यांनी स्वतःच मळ्यावर नेऊन दिली. त्यानंतर तेही यायचे, आधी फाटकाबाहेर उभे राहून, मग आई म्हणाली, "आता काय निमंत्रणाला वाजंत्री पाठवू?" तेव्हा आत. शेवटचे आठ-दहा दिवस ओसरीवर दोन गिटारी वाजत होत्या. एकदा ॲम्झी चुकले तर लीनं नुसतं भुवई वर करून पाहिलं. म्हातारा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यातले चांगले दिवस मोजायला सांगितले, तर मी तेच मोजते. कापसाची शेतं, धुळीचा वास, खाटेवरून ताल धरणारं आईचं सुजलेलं पाऊल.

सप्टेंबरात आई गेली, आणि ली पुन्हा आला. चर्चमध्ये गिटार नेऊ देईनात, म्हणून ली आणि ॲम्झींनी कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहून वाजवलं. आत रेव्हरंडचं बोलणं चालू होतं. निम्मे लोक माना वळवून खिडकीकडं ऐकत होते.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. ली मेम्फिसला गेला आणि त्यानं रेकॉर्डवाल्याला खरं सांगितलं. तो माणूस हसला. "चर्चच्या डीकनकडं शिकलास? हे पोस्टरवर कसं काढू?" ज्यूकमध्येही लीनं सांगून पाहिलं. लोक म्हणायचे, वा, सैतानानंच त्याला असं बोलायला शिकवलंय. त्यानं काळा सूट सोडला, पाठ फिरवायची सोडली. बोटं लोकांना दिसायला लागली आणि ती पाचच होती. दोन वर्षांत रेकॉर्डवाल्याला दुसरा एक पोरगा मिळाला. त्याचीही चौफुली, तोच काळा माणूस. लीपेक्षा निम्मंही वाजवत नव्हता.

सेंट लुईसला ली ओतकामाच्या कारखान्यात लागला. मी त्याच्याकडं राहायला गेले. भट्टीच्या उष्णतेनं त्याची बोटं जाड झाली, तरी रविवारी जेवणानंतर तो जिन्यावर बसून थोडं वाजवायचा. एकदा मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत? गप्प राहिला असतास तर मोठा झाला असतास."

"झालो होतो की मोठा," तो म्हणाला. "सहा वर्षं झालो होतो. त्या सहा वर्षांत पन्नाशीची आई साठीची दिसायला लागली, ते मी पाहिलंच नाही."

खालच्या मजल्यावरच्या बाईनं वर बघून ओरडून विचारलं, "मिस्टर टार्व्हर, थांबलात का?" त्यानं हसून मान हलवली, चाकू उलटा करून धरला आणि दुसरं गाणं सुरू केलं, अगदी सावकाश.